बेसबॉलमधील 'फार्म' व्यवस्था : स्वरूप आणि वास्तव

प्रस्तावना :
अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रत्येक प्रमुख संघ आपले नवोदित खेळाडू संलग्न दुय्यम संघांत घडवितो. या रचनेस 'फार्म' व्यवस्था म्हणतात. सेंट लुईस कार्डिनल्सचे ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात तिचा पाया घातला.

श्रेणी व मूल्यमापन :
२०२१ च्या पुनर्रचनेनुसार ३० प्रमुख संघांना प्रत्येकी चार, असे १२० संघ संलग्न झाले. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए व ट्रिपल-ए या चढत्या श्रेणी होत. खालच्या श्रेणीत केवळ वेगवान चेंडूवर धावा जमविणारा फलंदाज डबल-एमध्ये अचूक व वळणाऱ्या चेंडूंपुढे अडखळू शकतो. म्हणून खेळाडूची प्रगती निव्वळ आकडेवारीवरून ठरत नाही. श्रेणीच्या तुलनेत त्याचे वयही विचारात घेतले जाते. एकाच कामगिरीचा अर्थ एकोणीस वर्षांच्या व पंचवीस वर्षांच्या खेळाडूबाबत भिन्न असतो. तरीही अंदाज चुकतात. १९८८ च्या निवड प्रक्रियेत ६२ व्या फेरीत निवडला गेलेला माइक पियाझा २०१६ मध्ये 'हॉल ऑफ फेम'चा मानकरी ठरला.

आर्थिक बाजू :
बहुसंख्य खेळाडू मात्र प्रमुख लीगपर्यंत पोहोचत नाहीत. उमेदीची वर्षे ते तुटपुंज्या वेतनावर घालवीत. २०२२ मध्ये ते खेळाडू संघटनेत सामील झाले. २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारान्वये ट्रिपल-एचे किमान वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाले.

निष्कर्ष :
ही व्यवस्था मोजक्यांना शिखरावर नेते. परंतु ती उभी असते मागे राहिलेल्यांच्या श्रमावर. त्या श्रमाचे मोल मान्य होणे, हेच या कराराचे खरे महत्त्व होय.