इंग्रजी ‘चांगले’ येते म्हणजे किती येते?

आज एकाच शब्दाबद्दल बोलायचे आहे : ‘चांगले’.

अमेरिकेचा जनगणना विभाग दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर एक प्रश्नावली पाठवतो. पाच वर्षे आणि त्यावरील प्रत्येक माणसाबद्दल तीत तीन प्रश्न असतात. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का? कोणती? आणि इंग्रजी कितपत बोलता : खूप चांगले, चांगले, फारसे चांगले नाही, की अजिबात नाही? हे तीन प्रश्न १९८० पासून असेच विचारले जात आहेत.

आता गंमत बघा. ‘खूप चांगले’ सोडून उरलेली तिन्ही उत्तरे ‘मर्यादित इंग्रजी’ या एकाच खान्यात पडतात. म्हणजे ‘चांगले’ लिहिणाराही त्यातच! हे मनाला येईल तसे ठरवलेले नाही, बरं का. १९८२ मध्ये लोकांची परीक्षा घेऊन पाहिली गेली. ‘खूप चांगले’ म्हणणारे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या जवळपास आले, ‘चांगले’ म्हणणारे मागे राहिले.

याने बिघडते काय? तिथल्या मतदान हक्क कायद्यात १९७५ मध्ये भर पडली. एखाद्या कौंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, कायद्यात मोडणाऱ्या एका भाषिक गटाचे मर्यादित इंग्रजी असलेले प्रौढ नागरिक १०,००० हून जास्त किंवा पाच टक्क्यांहून जास्त असले, आणि साक्षरतेची एक अट पुरी झाली, तर मतपत्रिका त्या भाषेतही द्यावी लागते. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये निम्म्याहून अधिक लोक घरी दुसरी भाषा बोलतात. तिथे २०१३ पासून बंगाली मतपत्रिका मिळू लागली, ती याच हिशेबातून.

आता तत्त्वज्ञानाचा प्रश्न. ‘चांगले’ म्हणजे कोणाच्या तुलनेत? बहुतेक घरांत फॉर्म एकच जण भरतो. मुलगा आईबद्दल लिहिताना मान राखून ‘खूप चांगले’ लिहितो. दुकानात तिचे अडत नाही हे खरे. पण मतपत्रिकेवरचा कायदेशीर मजकूर तिला कळतो का? ते विचारलेलेच नाही. प्रश्न फक्त बोलण्याचा आहे. शिवाय एकट्या राहणाऱ्या आजीने ‘घरी बोलायला कोण आहे?’ म्हणून पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ लिहिले, की पुढचे दोन्ही प्रश्न गळाले.

आपली जनगणना मातृभाषा विचारते, येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारते; कितपत येतात हे विचारत नाही. त्यामुळे इंग्रजी कादंबरी वाचणारा आणि जेमतेम पाट्या वाचणारा आपल्याकडे एकाच रांगेत बसतो.

आणि मराठी? अमेरिकेच्या प्रकाशित तक्त्यांत ती ‘नेपाळी, मराठी व इतर भारतीय-आर्य भाषा’ अशा एका ओळीत असते. कोष्टक असे भाषा एकत्र बांधते, माणसे तशी बांधलेली नसतात.

तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कोणी तिकडे असतील आणि हा फॉर्म दारी आला, तर एवढे करा. घरच्या वडीलधाऱ्यांचे उत्तर आपल्या अंदाजाने लिहू नका. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, ‘आई, तुला इंग्रजी कितपत बोलता येते?’ त्या जे सांगतील, त्यावरून खूण करा. त्यात कमीपणा काही नाही.