एकशे आठ टक्के भरलेलं जहाज

हॉटेलच्या सगळ्या खोल्या गेल्या की हॉटेल शंभर टक्के भरलं. क्रूझ जहाजाचं गणित तिथे थांबत नाही. रॉयल कॅरिबियन कंपनीची जहाजं २०२४ साली सरासरी १०८ टक्के भरलेली होती आणि या आकड्यात कसलाही घोळ नाही. या धंद्यात दर केबिनमागे दोन माणसं धरायची पद्धत आहे. तेवढी आली की शंभर टक्के. पण बऱ्याच केबिनमध्ये छताला किंवा भिंतीला घडी करून ठेवलेला एखादा बंक असतो, सोफ्याचाही पलंग होतो. आईबाप खाली, पोरं वर. घरची मंडळी रात्री जेवायला गेली की केबिन सांभाळणारा कर्मचारी येऊन बंक खाली ओढतो, चादर घालतो, शिडी अडकवतो. सकाळी सगळं पुन्हा जागच्या जागी. शंभरावरचे आठ टक्के झोपतात ते इथे. अर्थात सरासरी ही सरासरीच. शाळांच्या सुट्ट्यांत आणि नाताळात हे बंक खचाखच भरतात, एरवी बरेचसे घडी घातलेलेच राहतात.

कोविडच्या महासाथीने या धंद्याचं कंबरडं मोडलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसं होती आणि त्यांतल्या सातशेहून अधिक जणांना लागण झाली. त्यानंतर वर्षभर जहाज म्हटलं की लोकांना तेच चित्र आठवे. अमेरिकेच्या बंदरांतून मोठी जहाजं प्रवासी घेऊन पुन्हा सुटायला जून २०२१ उजाडला, तीही निम्म्याहून कमी माणसं घेऊन. जहाजांवर फार गर्दी असते, या आताच्या कुरकुरीचं मूळ याच काळात आहे. त्या वर्ष-दीड वर्षात ज्यांनी धाडस केलं, त्यांची चंगळ झाली. लिफ्ट लगेच हजर, तलावाकाठी हवी ती आरामखुर्ची, बारसमोर कुणी नाही. तेच प्रवासी २०२३ मध्ये त्याच जहाजावर परतले, तेव्हा त्यांना गर्दी दुप्पट झाल्यासारखी वाटली. ती झालीही होती, पण त्या रिकाम्या जहाजाच्या तुलनेत. २०१९ मध्येही रॉयल कॅरिबियनचा सरासरी आकडा १०८ च्याच घरात होता.

एकूण प्रवासी मात्र खरोखरच वाढले आहेत. क्रूझ कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये २ कोटी ९७ लाख लोकांनी असा प्रवास केला होता. २०२१ मध्ये ते ५० लाखांच्याही खाली गेले. २०२३ मध्ये ३ कोटी १७ लाख आणि पुढच्या वर्षी ३ कोटी ४६ लाख. ही वाढ नव्या, अवाढव्य जहाजांनी सामावून घेतली. बरीच जुनी, आटोपशीर जहाजं महासाथीतच मोडीत निघाली. कार्निव्हल कंपनीची तीन जहाजं तुर्कस्तानातल्या आलियागाच्या किनाऱ्यावर तोडली गेली. मुंबईहून जेमतेम वर्षभर चाललेल्या ‘कर्णिका’ची अखेर गुजरातेत अलंगला झाली.

जागा मोजायची या धंद्याची एक जुनी रीत आहे. जहाजाच्या ग्रॉस टनेजला दर केबिनमागे दोन या हिशेबातल्या प्रवासीसंख्येने भागायचं. हे टनेज म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या पोटातल्या बंदिस्त जागेचं माप. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चं टनेज आहे सुमारे २ लाख ४८ हजार आणि या हिशेबाने प्रवासी ५,६१०. उत्तर येतं ४४, म्हणजे चांगलं ऐसपैस. पण सगळे बंक उघडले तर त्याच जहाजावर ७,६०० प्रवासी मावतात आणि ४४ चे ३३ होतात. जाहिरातीत हा दुसरा भागाकार कुणी करून दाखवत नाही. उलट ‘सीबर्न एन्कोर’सारख्या जेमतेम सहाशे प्रवाशांच्या महागड्या जहाजावर हाच आकडा ७० च्या आसपास असतो. म्हणून नुसतं प्रवाशांच्या संख्येवर जाऊ नये. साडेसात हजारांच्या जहाजावर निवांत कोपरा सापडतो आणि दीड हजारांच्या जहाजावर धक्के खावे लागतात, असंही होतं.

गर्दी जाणवते ती ठरावीक वेळी, ठरावीक जागी. जहाज बंदराला लागलं की अर्धीअधिक माणसं उतरतात आणि वरचे डेक ओस पडतात. दिवसभर समुद्रातच असलं की सगळे एकाच वेळी तलावाशी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे पहाटेच आरामखुर्च्यांवर टॉवेल पडतात आणि टॉवेलवाले नाश्त्याला निघून जातात. कार्निव्हलच्या जहाजांवर यावर तोडगा निघाला आहे. रिकाम्या खुर्चीवर कर्मचारी वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवतात आणि चाळीस मिनिटांत मालक फिरकला नाही तर टॉवेल उचलतात. उचललेल्या टॉवेलावरून होणारी भांडणं मात्र कुठल्याच नियमात बसत नाहीत! रात्रीचा कार्यक्रम सुटल्यावरची लिफ्ट आणि दुपारी साडेबाराचा बुफे ही बाकीची दोन दुखणी.

कंपन्यांनी यावर काही केलं नाही असं नाही. पूर्वी जहाज सुटण्याआधी ‘मस्टर ड्रिल’साठी, म्हणजे संकटकाळी कुठे जमायचं याच्या तालमीसाठी, हजारो प्रवाशांना एकाच वेळी आपापल्या जागी गोळा करत, आणि उन्हात, दाटीवाटीत अर्धा तास जाई. महासाथीत घोळका टाळायचा म्हणून ही पद्धत बदलली. आता बहुतेक मोठ्या जहाजांवर फोनवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर चित्रफीत पाहायची, सवडीने आपल्या ठिकाणी जाऊन हजेरी लावायची की झालं. जहाजावर चढायची वेळही वाटून दिली जाते, नाटकाची जागा ॲपवर आधी धरता येते. गर्दी तेवढीच, पण ती दिवसभरात पातळ करून वाढलेली. विसरभोळ्या किंवा ॲपला बिचकणाऱ्या प्रवाशाच्या वाट्याला मग उरलेली रांग येते.

शांतताही आता वेगळे पैसे मोजून मिळते. एमएससी कंपनीच्या मोठ्या जहाजांवर ‘यॉट क्लब’ नावाचा राखीव भाग आहे. त्याचा तलाव वेगळा, जेवणघर वेगळं आणि दिमतीला बटलर. नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर तसाच ‘हेवन’ आहे. या मोजक्या मंडळींसाठी राखलेला डेक बाकीच्यांच्या वाट्यातूनच कमी होतो, हे उघड आहे.

जहाजावर विरघळणारी गर्दी किनाऱ्यावर मात्र विरघळत नाही. अलास्काची राजधानी जुनो हे बत्तीस हजार वस्तीचं गाव, आणि तिथे एका उन्हाळ्यात सोळा लाखांहून जास्त क्रूझ प्रवासी उतरतात. २०२४ पासून तिथे दिवसाला जास्तीत जास्त पाच मोठी जहाजं असा नियम आला. पुढे २०२६ पासून रोज १६ हजार आणि शनिवारी १२ हजार अशी मर्यादा ठरली. मेख अशी की मर्यादा मोजली आहे ती खालच्या पलंगांवर. वरच्या बंकांवरची पोरंटोरं त्यात धरलेलीच नाहीत. ग्रीसच्या सांटोरिनी बेटाने दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली आहे.

मुंबईला अजून ही डोकेदुखी नाही. सप्टेंबर २०२१ पासून इथून गोवा, लक्षद्वीपकडे जाणारं ‘कॉर्डेलिया’ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे १९९० सालचं जहाज, रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात वाढलेलं. टनेज साधारण ४८,५००, दोनाच्या हिशेबाने प्रवासी सोळाशे, म्हणजे भागाकार ३०. भर सुट्टीतल्या ‘आयकॉन’हूनही कमी. त्यात सफर दोन-तीन रात्रींची. सातआठ दिवसांच्या सफरीत माणसं तिसऱ्या दिवसापासून पांगतात, कुणी वाचत बसतं, कुणी झोपतं. दोन रात्रींत सगळ्यांना सगळंच करायचं असतं, तेही एकाच संध्याकाळी. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरवर नवं क्रूझ टर्मिनल सुरू झालं. तिथे तपासणी आणि इमिग्रेशनच्या ७२ खिडक्या आहेत आणि वर्षाला दहा लाख प्रवासी जाऊ शकतील एवढी सोय आहे. धक्का आता मोठा झाला. दहा लाखांना पुरतील इतकी जहाजं मात्र अजून इथे यायची आहेत.