‘रमोन्स’ची पहिली ध्वनिमुद्रिका: प्रभावाचे स्वरूप

न्यूयॉर्कच्या साइर रेकॉर्ड्स या कंपनीने एप्रिल १९७६ मध्ये ‘रमोन्स’ या वादकसमूहाची त्याच नावाची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तीत १४ गीते असून त्यांचा एकूण कालावधी अवघा २९ मिनिटांचा आहे. मुद्रण सुमारे एका आठवड्यात आटोपले व त्यास ६,४०० डॉलरांच्या आसपास खर्च आला. त्या काळी नामांकित रॉक समूह एकेका मुद्रिकेवर महिनेच्या महिने घालवीत असत. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या खपाच्या यादीत ही मुद्रिका १११ व्या क्रमांकाच्या वर चढली नाही. असे असूनही पंक संगीताच्या इतिहासाचा आरंभ बहुधा तिच्यापासूनच केला जातो. तो कितपत सयुक्तिक आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

या संदर्भात एक आख्यायिका वारंवार सांगितली जाते. ४ जुलै १९७६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यास दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, रमोन्सनी लंडनच्या राउंडहाउस सभागृहात वादन केले आणि ते ऐकून इंग्लंडमध्ये पंक जन्मास आले, अशी ती आख्यायिका होय. कालक्रमाच्या कसोटीवर ती टिकत नाही. ‘सेक्स पिस्टल्स’ नोव्हेंबर १९७५ पासून जाहीर कार्यक्रम करीत होते. आणि त्याच ४ जुलैच्या रात्री ते शेफील्ड येथे वाजवीत होते. ‘क्लॅश’चा पहिला जाहीर कार्यक्रमही त्याच रात्री, त्याच ठिकाणी झाला. सारांश, ज्यांना त्या मैफलीचे अपत्य मानले जाते, ते त्या मैफलीस हजरच नव्हते.

मग प्रभाव कशात शोधावयाचा? तो वादनपद्धतीत शोधावा लागतो. गिटारवादक जॉनी रमोन तारांवर केवळ वरून खाली असाच आघात करी. हात परत वर नेताना तार छेडण्याची सवलत तो घेत नसे. अतिद्रुत लयीत हे मनगटास अत्यंत कष्टाचे असते, परंतु त्यायोगे प्रत्येक आघात सारख्याच वजनाचा पडतो व सलग, घनदाट नाद निर्माण होतो. एकल वादनाच्या विस्तारास जवळजवळ पूर्ण फाटा दिलेला आहे. ही गीते ‘सोपी’ आहेत असे म्हणणाऱ्यांनी ती एकदा त्याच गतीने वाजवून पाहावीत.

मुद्रणाची रचनाही लक्षणीय आहे. बास गिटार डाव्या बाजूस, गिटार उजव्या बाजूस, आणि गायन व तालवाद्ये मधोमध ठेवलेली आहेत. एक बाजू बंद केली की उरलेल्या वाद्याबरोबर शिकाऊ वादकास आपले वाद्य जुळवून घेता येते. मुद्रिका अशा रीतीने नकळत पाठ्यपुस्तक ठरली. क्लॅशचा बासवादक पॉल सिमोनन हा याच मुद्रिकेबरोबर वाजवून वाद्य शिकला, हे प्रसिद्धच आहे. आख्यायिकेतील मैफलीपेक्षा हा पुरावा अधिक भक्कम मानावा लागेल.

प्रभावाची दुसरी बाजू मात्र अप्रिय आहे. काही गीतांत नाझी प्रतिमा उपरोधाने आल्या आहेत. गायक जोई ज्यू होता; तालवादक टॉमी बुडापेस्ट येथे जन्मला होता व त्याचे आईवडील ज्यूंच्या नरसंहारातून वाचलेले होते. खुद्द कंपनीचे प्रमुख सीमोर स्टाइन यांनी अशा ओळींस हरकत घेतली होती. उपरोध करणाऱ्याची पार्श्वभूमी श्रोत्यास ठाऊक असेलच असे नाही, आणि पंकच्या परिसरात पुढे अशी चिन्हे गंभीरपणे मिरविणारेही निघाले. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘डेड केनेडीज’ना त्यांच्याविरुद्ध स्वतंत्र गीत काढावे लागले. याचा दोष सर्वस्वी रमोन्सवर टाकणे अन्यायाचे होईल. पण त्यांना त्यातून अजिबात वगळताही येत नाही.

समूह १९९६ मध्ये विसर्जित झाला. जोई २००१ मध्ये, डी डी २००२ मध्ये व जॉनी २००४ मध्ये निवर्तला. अमेरिकेत पाच लाख प्रतींच्या खपाबद्दल दिले जाणारे सुवर्णमानांकन या पहिल्या मुद्रिकेस २०१४ मध्ये, प्रकाशनानंतर ३८ वर्षांनी मिळाले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, मूळ चौघांपैकी एकटा उरलेला टॉमी मरण पावला.