वाऱ्याचा घाट

काष्टी मागे पडली आणि रस्ता वायव्येकडे वळला, तसा वारा अंगावर आला. आषाढातली सकाळ होती. शिरूरहून न्हावरे, इनामगाव, काष्टी अशी साठेक किलोमीटरची वाट धरून आम्ही पाच जण दौंडला पोचलो, तेव्हा पायांना काही केल्यासारखंही वाटलं नव्हतं. परतताना त्याच रस्त्यावर, त्याच सायकलवर, पहिल्या दहा मिनिटांत मांड्या भरून आल्या. समोर चढ नव्हता. डांबराची पट्टी सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना ऊस, आणि सायकलचा वेग मात्र ताशी तेरा-चौदा किलोमीटर.

पुण्यातली सायकलवाली मंडळी सिंहगड, दिवे घाट, खंबाटकी यांच्या गोष्टी सांगतात. आम्हा शिरूर-दौंडकरांना विचारतात, ‘तुमच्याकडे घाट कुठला?’ आमचा घाट वाऱ्याचा आहे. तो नकाशावर दिसत नाही. जेठ-आषाढात पश्चिमेला तोंड केलं की सुरू होतो आणि घराच्या दारापर्यंत संपत नाही.

कारण भूगोलात आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. ढग सह्याद्रीवर रिकामे होऊन इकडे येतात तेव्हा त्यांच्यात फारसं उरलेलं नसतं. शिरूर आणि दौंड पर्जन्यछायेत आहेत, वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. ढग पाणी तिकडे टाकून येतात, वारा मात्र इकडे पोचतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मावळातले रस्ते धुक्यात आणि चिखलात असतात, तेव्हा आमचे रस्ते बहुधा कोरडे, आभाळ झाकलेलं, ऊन नाही. सायकलसाठी याहून चांगलं हवामान नाही, असं मी ठामपणे म्हणेन. फक्त वाऱ्याशी हिशेब करावा लागतो.

तो हिशेब समजून घेण्यासारखा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि तो वेग रस्त्यावरचा नव्हे, हवेच्या संदर्भातला. समजा तुम्ही ताशी 18 किलोमीटरने चालला आहात आणि समोरून 20चा वारा आहे. तुमच्या छातीवर 38ची हवा आदळते. वारा पडलेला असता तर जो विरोध झाला असता, त्याच्या जवळजवळ साडेचार पट! उलट पाठीवर तोच वारा असेल तर ताशी 30ने जातानाही अंगाला फक्त 10ची हवा लागते. म्हणून दौंडला जाताना आपण फार तयारीचे आहोत असं वाटतं. नवीन माणूस इथेच फसतो. आमचा नियम आहे: पावसाळ्यात आधी वाऱ्याविरुद्ध जायचं, परतताना पाठीवर घ्यायचा. शिरूरहून निघणाऱ्याने त्या दिवसांत पश्चिमेला पाबळकडे जावं, दौंडच्या माणसाने यवतकडे. शिरूर-दौंड करायचंच असेल तर अर्धी शक्ती परतीला राखावी.

आणि एकट्याने जाऊ नये. सोबत या शब्दाला सायकलवर फार शब्दशः अर्थ आहे. पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर चाक ठेवलं की तो हवा फोडत जातो आणि मागच्याचा चतुर्थांश ते तिसरा हिस्सा श्रम वाचतो. दोन-तीन किलोमीटर पुढे राहायचं, मग बाजूला होऊन रांगेच्या शेवटी यायचं. आमच्यात एक प्राथमिक शाळेचे गुरुजी आहेत, एक औषध दुकानवाला, एक रेल्वेतला, एक द्राक्षबागायतदार आणि मी. दम सगळ्यांचा सारखा नाही. गुरुजी पुढे फक्त अर्धा किलोमीटर टिकतात, पण त्यांची पाळी ते कधी चुकवत नाहीत, आणि त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये बाकी चौघांचा श्वास खाली बसतो. मागच्याला खड्डा दिसत नाही, म्हणून पुढच्याने हात खाली करून दाखवायचा, ‘खड्डा’, ‘वाळू’, ‘गाडी’ असं ओरडायचं. हे विसरणाऱ्याच्या मागे कुणी चाक लावत नाही. वारा आडवा असला की आडोसा मागे नव्हे, तिरका मिळतो; शर्यतीतले सायकलस्वार तेव्हा रस्ताभर तिरकी रांग धरतात. आपल्या वाहत्या रस्त्यावर ते करू नये. आडव्या वाऱ्यात आम्ही सुटे-सुटे होतो आणि मुकाट्याने सोसतो.

नेदरलँड्स हा जवळजवळ सगळा देशच सपाट. तिथे 2013पासून वाऱ्याविरुद्ध सायकल चालवायची स्पर्धा भरते: समुद्राच्या बांधावरून साडेआठ किलोमीटर, गिअर नसलेली साधी सायकल, आणि वादळी वाऱ्याचा अंदाज आला की मगच दिवस जाहीर होतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपलं न्हावरे-काष्टी आठवलं.

पहाटे वारा का पडलेला असतो, याचंही उत्तर आहे. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खाली बसते आणि वरच्या वेगवान वाऱ्यापासून जणू सुटी होते. ऊन चढलं, जमीन तापली, की हवा खालीवर घुसळू लागते आणि वरचा वारा खाली उतरतो. नऊ-साडेनऊला ‘वारं सुटलं’ म्हणतात, ते हेच. म्हणजे शहाण्याने पहाटे निघावं. पण शिरूरच्या उत्तर भागात, कवठे येमाई, जांबूत, पिंपरखेडकडे, आम्ही पहाटे निघणं सोडलं आहे. उसात बिबट्या आहे. तिथे माणसांचे जीव गेले आहेत, शेतकरी सूर्य उगवायच्या आधी मळ्यात जाताना बिचकतात. तिथे आपण हौसेने अंधारात जाणं बरोबर नाही. शिवाय हँडलवर वाकलेला माणूस उभ्या माणसाइतका उंच दिसत नाही. त्या बाजूला आता ऊन पडल्यावरच निघायचं, जथ्याने जायचं आणि वारा सोसायचा.

टाकळी हाजीपर्यंत मात्र जावंच. तिथे शिरूर तालुका संपतो आणि पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज. मधून कुकडी वाहते, आणि तिने काळ्या बसाल्टमध्ये रांजणखळगे कोरले आहेत. प्रवाहात अडकलेले गोटे एकाच जागी गरागरा फिरत राहिले, खडकाला भोक पडलं, भोकाचा रांजण झाला, शेजारचे रांजण एकमेकांत फुटले. पावसाळा ओसरल्यावर, पाणी उतरलं की ते उघडे पडतात. दोन्ही काठांवर मळगंगेची मंदिरं, मध्ये झुलता पूल. कडेला जायचं नाही, शेवाळ असतं.

इनामगावला मी दर खेपेला थांबतो. न्हावरे-काष्टी रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की घोड नदीच्या या काठावर 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या त्या कामातून इ. स. पूर्व 1600 ते 700 या काळातलं एक अख्खं गाव बाहेर आलं. शंभराहून जास्त घरं, धान्याची कोठारं, पुराच्या पाण्यासाठी काढलेला पाट, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस. आणि मला सर्वांत जवळची वाटते ती एक रेखाकृती: भांड्यावर खरवडून काढलेली बैलगाडी. तीनेक हजार वर्षांपूर्वी याच मातीवरून चाक फिरत होतं.

त्या गावाने ऋतूंचा फेरही पाहिला. सुरुवातीची घरं चौकोनी, ऐसपैस होती, शेतात जव पिकत होता. इ. स. पूर्व 1000च्या सुमारास हवामान कोरडं होत गेलं आणि घरं लहान, गोल झोपड्यांची झाली. शेती आखडली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार वाढली. पाऊस हटला की इथल्या माणसाने मेंढरं धरली. दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिमेकडे निघालेले धनगरांचे वाडे आजही रस्त्यात भेटतात; घोड्यावर बिऱ्हाड, पुढे मेंढरं, बाजूने कुत्री. अशा वेळी सायकलवरून खाली उतरावं. चाकावरचा माणूस कुत्र्याला परका वाटतो, उतरून चालू लागला की ओळखीचा. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘पाव्हणं, कुठलं गाव?’ ‘घोडनदी,’ मी म्हणालो. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. ‘मग येष्टी बंद हाय व्हय आज?’ हौसेने इतकं लांब पायडल मारत येतो, हे त्यांना पटेना. पण त्यांनी तंबूशेजारी बसवून आम्हा सगळ्यांना मेंढीच्या दुधाचा चहा पाजला.

दौंड तालुक्यात आषाढवारीचे दिवस वेगळेच. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते, पुढे वरवंड, मग पाटसवरून रोटी घाट चढून उंडवडी गवळ्याची आणि बारामती. यवतला घराघरांतून पिठलं-भाकरी रांधलेली असते. त्या दिवसांत आम्ही सायकल घेऊन त्या रस्त्यावर गर्दी करत नाही. यवतला सायकली भिंतीला लावून वाढायला उभे राहतो. पालखी पुढे गेल्यावर आठवड्याने रोटी घाट चढतो. छोटाच आहे. पण इतके दिवस सपाटीवर वारा खाल्लेल्या पायांना खरा चढ गोड लागतो, कारण चढाला माथा असतो.

भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांच्या मधून पूर्वेकडे गेलेली ही भुलेश्वरची डोंगररांग. रोटी घाट तिच्या उतरत्या शेपटीवर आहे. उंच भागावर, यवतच्या दक्षिणेला, भुलेश्वराचं देऊळ. देऊळ पुरंदर तालुक्यात माळशिरसच्या हद्दीत येतं, पण दौंडकरांचं ते रविवारचं ठिकाण. शेवटचे दोन किलोमीटर सर्वांत हलका गिअर लागतो. वर यादवकालीन कोरीवकाम, त्यात स्त्रीरूपातला गणेश, आणि भोवती दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष. उतरताना घाई करू नये, वळणांवर मुरूम पसरलेला असतो.

डोंगरी सायकल घेणाऱ्यांना आमच्याकडे डोंगर कमी, पण माळ भरपूर आणि कॅनॉलचे रस्ते त्याहून सुंदर. खडकवासल्याहून निघालेला नवा मुठा उजवा कालवा दौंड तालुका ओलांडून इंदापूरपर्यंत जातो, सुमारे 202 किलोमीटर. पाणी वाहावं म्हणून कालवा जमिनीच्या समपातळीने, अगदी किंचित उतार देत नेलेला असतो. त्यामुळे शेजारचा कच्चा रस्ता डोंगराला वळसे घेतो, पण चढत नाही. इंजिनिअरांनी पाण्यासाठी आखलेली वाट सायकललाही तशीच मानवते. केडगाव-वरवंडच्या पट्ट्यात आवर्तन सुरू असताना सकाळी जावं: एका हाताला भरून वाहणारं पाणी, दुसऱ्या हाताला गुऱ्हाळाचा धूर. गुऱ्हाळावर थांबलं की काकवी मिळते. पन्नास किलोमीटरनंतर तिच्यासारखं दुसरं काही नाही.

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य, पाच चौरस किलोमीटरचं, 1997मध्ये चिंकारांसाठी जाहीर झालेलं, सायकलने बाहेरूनच पाहावं. गवताळ माळाला लोक पडीक म्हणतात, याचं मला वाईट वाटतं. चिंकारा, लांडगा, माळढोक गेला तरी उरलेले चंडोल, यांचं ते घर आहे. माळावर पायवाट सोडून चाक घालू नये. उन्हाळ्यात जमिनीवर अंडी असतात.

माळाचा दुसरा प्रसाद म्हणजे काटा. वेडी बाभूळ सगळीकडे पसरली आहे, तिचा काटा टायर, ट्यूब भेदून थेट रिमपर्यंत जातो. ट्यूबलेस टायरमध्ये भरायचा द्रव इथे चैन नाही, गरज आहे. पंक्चर काढल्यावर टायर आतून बोटाने चाचपून काट्याचं टोक शोधावं, नाहीतर नवी ट्यूबही तिथेच फुटते. महागड्या सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह गावातल्या पंपाला बसत नाही, म्हणून पितळी ॲडॅप्टर खिशात असावा. मी तो एकदा विसरलो होतो आणि मांडवगण फराट्याच्या अलीकडून सात किलोमीटर सायकल हातात धरून चाललो. औषध दुकानवाला माझ्याबरोबर चालला. त्याचं चाक शाबूत होतं.

दिवाळीनंतर वारा वळतो, मंदावतो, सकाळी भीमेच्या काठाला धुकं असतं. हाच आमचा लांब पल्ल्याचा हंगाम. 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पूर्ण करायची तर याच दिवसांत. थंडी ओसरता-ओसरता भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पाहायला जातो. दौंडहून तीसेक किलोमीटर. सिद्धटेकला जाताना पूर्वी शिरापूरच्या काठावरून सायकल होडीत घालावी लागे, आता पूल आहे. पण याच हंगामात कारखान्यांची धुराडी पेटतात आणि रस्ते उसाच्या गाड्यांचे होतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, उसाचे शेंडे बाहेर आलेले. ओलांडायची घाई करू नये आणि मागे चिकटूनही राहू नये. आडोसा मोहाचा वाटतो, पण वरून मोळी सुटते. सायकलला मागचा लाल दिवा दिवसाही लावावा. पुणे-अहिल्यानगर आणि पुणे-सोलापूर हे दोन्ही मोठे रस्ते आम्ही फक्त ओलांडतो, त्यांवरून चालवत नाही.

उन्हाळ्याबद्दल सांगण्यासारखं थोडं. एप्रिलमध्ये साडेआठच्या आत घरी. पाण्यात मीठ-साखर. चाळीस अंशांत कुणी पराक्रम करू नये.

त्या आषाढातल्या परतीला इनामगावच्या पुढे रेल्वेवाल्याची ताकद संपली. तो पुढे असताना वेग हळूहळू अकरावर आला. कुणी काही बोललं नाही. गुरुजी शेवटच्या जागेवरून उजवीकडून वर आले, त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला मागे पाठवलं आणि पुढे लागले. अर्धा किलोमीटर झाला, एक झाला. आम्ही वाट पाहत होतो की ते बाजूला होतील. न्हावऱ्याच्या चौकात पोचेपर्यंत ते हलले नाहीत.