प्रवेशाचा ताळेबंद

जून महिन्यात एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की अकोल्याच्या जुन्या कापड बाजारात आणि अमरावतीच्या सक्करसाथेत मालाच्या भावाइतकीच चर्चा पर्सेंटाईलची होते. नातीला ९७ मिळाले म्हणून आजोबा पेढे वाटतात. आणि काही दिवसांतच अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखा मिळेल की नाही, या चिंतेने घर ग्रासते. ज्या घराण्यांत रोकड मेळ घातल्याशिवाय दुकान वाढवले जात नाही, तेथेही हा हिशेब मात्र ऐकीव माहितीवर सोडला जातो.

पहिली गफलत आकड्याच्या अर्थाची. ९७ पर्सेंटाईल म्हणजे ९७ टक्के गुण नव्हेत. परीक्षा २०० गुणांची. पर्सेंटाईल सांगते ते इतकेच, की किती टक्के परीक्षार्थी आपल्या बरोबरीस वा मागे आहेत. समजा, ३ लाख विद्यार्थी बसले, तर ९७ पर्सेंटाईलच्या पुढे सुमारे ९ हजार जण असतात. ९९ च्या पुढे ३ हजार. दोन अंकांत ६ हजारांचे अंतर पडते! म्हणून शक्यता अजमावताना गुणवत्ता यादीतील क्रमांक पाहावा.

दुसरी गफलत कटऑफची. कटऑफ म्हणजे त्या जागेवर प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण. ती आधी ठरवलेली अट नसते. गेल्या हंगामाचा तुरीचा भाव पाहिल्याशिवाय व्यापारी सौदा करत नाही; पण तोच भाव यंदाही मिळेल, असेही धरत नाही. तीच दृष्टी येथे हवी. तीन वर्षांचे आकडे समोर ठेवावेत, आणि तेही योग्य रकान्यातले: तक्त्यातील ‘जी’ सर्वसाधारण, ‘एल’ मुलींसाठी, ‘एमआय’ अल्पसंख्याकांसाठी.

हा शेवटचा रकाना समाजात फार गैरसमज निर्माण करतो. जैन समाजास २०१४ मध्ये राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. परंतु त्यामुळे शासकीय महाविद्यालयात जैन विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा निर्माण झाल्या नाहीत. लाभ मिळतो तो जैन अल्पसंख्याक संस्थांत, उदाहरणार्थ चांदवडच्या नेमिनाथ जैन संस्थेचे किंवा ठाण्याचे ए. पी. शाह अभियांत्रिकी महाविद्यालय. त्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘जैन’ अशी नोंद आहे का, हे आधीच तपासावे. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास आर्थिक दुर्बल घटकाच्या जागांचाही विचार करावा.

सर्वांत महागडी चूक होते ती पर्यायांच्या क्रमात. “वरचे मिळणार नाही, उगाच पहिला क्रमांक वाया का घालवायचा?” असे म्हणत वडील भीतीपोटी हमखास मिळणारे महाविद्यालय सर्वांत वर टाकतात. वास्तविक क्रमांक वाया जातच नाही. संगणक प्रत्येक विद्यार्थ्याची यादी गुणवत्तेनुसार वरून खाली तपासतो. वरचा पर्याय हुकला म्हणून खालच्या पर्यायावरील हक्क तसूभरही घटत नाही. उलट, पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तोच अंतिम ठरतो. पुढील फेऱ्यांत अधिक चांगली जागा रिकामी झाली तरी ती मागता येत नाही. भीतीने वर लिहिलेले महाविद्यालय असे चार वर्षांसाठी गळ्यात पडते.

यास्तव यादीचा क्रम इच्छेनुसार असावा आणि तिची लांबी सावधपणानुसार. वर थोडे आवाक्याबाहेरचे, मध्ये शक्यतेतले, शेवटी खात्रीचे. पण खात्रीचेही असे, की मिळाले तर मुलगी आनंदाने जाईल. शुल्क, वसतिगृह आणि जैन भोजनाची सोय वडिलधाऱ्यांनी पाहावी. क्रम मात्र तिच्या हाताने लिहिला जावा, कारण ती चार वर्षे तिलाच काढायची आहेत.