लुकलुकणारी सतरंजी

संगणकावर घराचा त्रिमितीय आराखडा करताना आपण फरशीवर सतरंजी अंथरतो. दृश्य फिरवले, की सतरंजीतून फरशीचे पट्टे लुकलुकू लागतात. संगणक बिघडला का? नाही. कोणता पृष्ठभाग पुढे, हे संगणक प्रत्येक बिंदूचे डोळ्यापासूनचे अंतर काढून ठरवतो. हे अंतर बहुधा २४ अंकी द्विमान संख्येत साठवतात. म्हणजे पायऱ्या १,६७,७७,२१६. त्याही जवळ दाट, दूर विरळ. दोन्ही पृष्ठभाग एकाच पातळीवर असले, तर आकडेमोडीतील सूक्ष्म फरकाने कधी सतरंजी पुढे येते, कधी फरशी. सतरंजी १ सेंटिमीटर उचलावी. लुकलुक बहुधा थांबते. संगणकाच्याही अचूकतेला मर्यादा असते, हे शिकवताना हा दोष वर्गात मुद्दाम घडवून दाखवावा.