क्लच गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडाच्या पायथ्याकडे गाड्यांची रीघ लागते. १९४३ साली याच दिवशी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथल्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यांना अभिवादन करायला येणाऱ्यांना मुरबाड सोडल्यावर अरुंद रस्ता आणि चढ लागतात. पुढची जीप थांबली की मागच्यांची तारांबळ उडते, एखाद्या गाडीखालून जळका वास येतो आणि निदान जागेवरच होतं: चढानं क्लच खाल्ला!

चढ बिचारा निमित्तमात्र. इंजिनाबरोबर फिरणारं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबलेली असते. पेडल पूर्ण सोडलं की तिघं एकजीव होऊन फिरतात. मग माळशेज घाट चढा नाहीतर कसारा, प्लेट फारशी घासत नाही. ती झिजते अर्धवट दाबलेल्या पेडलवर. चढावर हँडब्रेक न ओढता ‘हाफ क्लच’वर गाडी तोलून धरणं अनेकांना कसब वाटतं. ते कसब प्लेटच्या लायनिंगमधून, म्हणजे तिच्यावरच्या घर्षणाच्या थरातून वसूल होतं. म्हसा यात्रेच्या गर्दीत डावा पाय सतत पेडलवर ठेवून सपाट रस्त्यावरही क्लच जाळता येतो.

‘गिअर पडत नाही, म्हणजे प्लेट गेली’ हा दुसरा गैरसमज, आणि खिशाला सर्वांत महाग पडणारा. झिजलेल्या प्लेटची खूण बहुधा वेगळीच असते. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी तेवढ्या जोमानं पळत नाही. याला क्लच स्लिप होणं म्हणतात. उलट गिअर खरखरत असेल, रिव्हर्स अडत असेल, तर क्लच नीट सुटत नाहीये. तिथे आधी केबल तपासावी. हायड्रॉलिक क्लच असेल तर तेलाची गळती. हे काम बरेचदा गिअरबॉक्स न उतरवता होतं.

शंका असेल तर सपाट, मोकळ्या जागी एक चाचणी करता येते. पुढे-मागे कुणी नको. हँडब्रेक घट्ट ओढून तिसरा गिअर टाकावा, किंचित अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच हळूहळू सोडावा. इंजिन धाप लागून बंद पडलं तर पकड शाबूत आहे. पेडल पूर्ण सुटूनही ते गुरगुरत राहिलं तर प्लेट सरकते आहे. चाचणी एकदाच पुरे. पुन्हा पुन्हा केली तर उरलेली प्लेटही त्यातच जाईल.

पेडल ‘वर आलंय’ म्हणून केबल सैल करून घेणारेही आहेत. फ्री प्ले, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी चाल, अजिबात उरला नसेल तर त्यानं स्लिप थांबूही शकते. पण लायनिंग संपलं असेल तर केबलचा नट फिरवून ते परत येत नाही. आणि प्लेटला तेल लागल्यानं ती सरकत असेल, तर आधी इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं गळणारं सील बदलायला हवं. मोटारसायकलींचा क्लच बहुधा तेलात बुडालेला असतो. मोटारीची प्लेट मात्र सहसा कोरडीच लागते. सील तसंच ठेवलं तर नवी प्लेटही वाया जाते.

पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर संशय क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर घ्यावा.

‘फक्त प्लेट टाका, बाकीचं चालेल’ ही काटकसरही फसवी. खरी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्यात असते. एकदा तो खाली आला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पुरा सेट टाकलेला बरा. फ्लायव्हीलवर निळसर जळके डाग, चरे किंवा तडे आहेत का, हे मालकानं स्वतः वाकून पाहावं. गिअरबॉक्स पुन्हा चढला की ते दिसणार नाही.

माळशेज उतरताना क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडली की इंधन वाचतं, असंही सांगितलं जातं. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन बहुतेक बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. शिवाय इंजिनाची रोखून धरण्याची ताकद जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियमच आहे. सिद्धगडाहून परतताना समोरून भरलेली जीप चढत असेल तर तेवढं थांबा. तिला चढावर पुन्हा हाफ क्लच धरावा लागणार नाही.